रिकामी चौकट

गेल्या एक-दोन वर्षांत कलाजगतांतून ज्या वार्ता कानीं आल्या, त्यांचीं टिपणें ह्या सदरासाठीं काढून ठेवलीं होतीं. परवां तीं सारीं एकत्र मांडून पाहिलीं, तेव्हां एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत आली. चित्रशाळा आणि संग्रहालयें हीं वस्तु पाहण्याचीं ठिकाणें. तेव्हां त्यांच्या वार्ता अमुक चित्र आहे, अमुक मूर्ति आहे, अशा असावयाच्या. परंतु माझ्या टिपणांतील बहुतेक वार्ता ‘आहे’च्या नव्हत्या, ‘नाहीं’च्या होत्या. कोठें दागिना होता तो नाहीं, कोठें चित्र होतें तें नाहीं, आणि कोठें तर काय होतें हेंच पाहणाऱ्याला ठाऊक नाहीं. वाचकांची अनुज्ञा असेल तर ह्या महिन्यांत ह्या ‘नाहीं’चाच थोडा विचार करूं.

प्रथम पॅरिसची हकीकत. त्या शहरांत सीन नदीच्या कांठीं लूव्र नांवाचें विशाल संग्रहालय आहे. पूर्वीं तो राजवाडा होता; १७९३ सालीं तें संग्रहालय म्हणून सर्वांना खुलें झालें. १९ ऑक्टोबर २०२५ रोजीं, रविवारीं सकाळीं साडेनऊच्या सुमारास, म्हणजे दारें उघडून प्रेक्षक आंत हिंडूं लागल्यावर, तेथें चोरी झाली. चोरांचा थाट मजुरांचा. अंगांत पिवळीं जाकिटें, आणि बरोबर घरसामान वरच्या मजल्यावर चढविण्याची यांत्रिक शिडी लावलेली मालमोटार. रस्त्यांत असली शिडी दिसली तर आपणहि ‘कोणी बिऱ्हाड हलवीत असेल’ असें म्हणून पुढें जाऊं. नदीकडील सज्जावर चढून आणि खिडकी यंत्रानें कापून दोघे जण अपोलोच्या दालनांत शिरले, कांचेच्या पेट्या फोडल्या, आणि खालीं दुचाकी घेऊन थांबलेल्या सोबत्यांबरोबर पसार झाले. सारा व्यवहार सात-आठ मिनिटांत आटोपला! आठ दागिने गेले. त्यांची किंमत सरकारी वकिलांनीं ८ कोटी ८० लाख युरो सांगितली. नववा दागिना म्हणजे सम्राज्ञी युजेनी हिचा १३५४ हिरे आणि ५६ पाचू जडविलेला मुकुट. तो पळण्याच्या घाईंत चोरांच्या हातून निसटला आणि संग्रहालयाबाहेर चेपलेल्या स्थितींत सांपडला.

ह्या आठांतील एका दागिन्याचें नशीब विलक्षण म्हटलें पाहिजे. युजेनीचा गांठीच्या आकाराचा एक मोठा हिऱ्यांचा अलंकार त्यांत होता. राजा पुन्हां गादीवर येऊं नये म्हणून राजचिन्हेंच नकोत, अशा विचारानें १८८७ सालीं तेथील प्रजासत्ताक सरकारनें राजघराण्याचे बहुतेक दागिने लिलावानें विकले. त्यांत हा अलंकार गेला तो अमेरिकेंत. पुढें त्याच फ्रान्सला आपलें विकलेलें वैभव आठवूं लागलें, आणि २००८ सालीं हा अलंकार पुष्कळ द्रव्य मोजून परत आणण्यांत आला. म्हणजे आपणच विकला, १२१ वर्षांनीं आपणच परत घेतला, आणि १७ वर्षांनीं तो चोरानें नेला. घरांतील वस्तु विकतांना आपली बुद्धि किती पुढचें पाहते, ह्याचें हें एक उदाहरण आहे.

परंतु मला खरें नवल वाटलें तें पुढच्या गोष्टीचें. तीन दिवसांनीं, बुधवारीं, संग्रहालय पुन्हां उघडलें. अपोलोचें दालन अर्थातच बंद होतें. तरी लोक त्या सज्जाखालीं उभे राहून चोर शिरले त्या खिडकीचीं छायाचित्रें घेत होते. ज्या जर्मन कारखान्याची ती शिडी होती, त्यानें तर तिचें छायाचित्र छापून, घाईच्या कामाला आमची शिडी बरी, अशा अर्थाची जाहिरातहि केली! व्यापाऱ्याच्या बुद्धीची गोष्ट सोडा. पण ज्या लोकांनीं ते दागिने पेटींत असतांना कधीं पाहिले नव्हते, ते आतां ते जेथून गेले ती खिडकी पाहावयास जमले, हें कसें?

लूव्रला हा अनुभव नवा नाहीं. २१ ऑगस्ट १९११ रोजीं, सोमवारीं, संग्रहालय बंद असतांना, लिओनार्दो दा व्हिन्ची ह्यानें रंगविलेलें ‘मोना लिसा’ हें चित्र तेथून नाहींसें झालें. चित्र तसें लहानच आहे. ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ रुंद, लांकडी फळीवर काढलेलें. त्या दिवशीं आंत काम करणाऱ्या कित्येकांना भिंतीवरील मोकळी जागा दिसली होती. पण चित्र छायाचित्रासाठीं नेलें असेल, असें जो तो समजला. दुसऱ्या दिवशीं लुई बेरू नांवाचा एक चित्रकार त्या दालनाचें चित्र काढावयास आला आणि चित्र कोठें आहे म्हणून विचारूं लागला. त्याचा पिच्छा सुटेना, तेव्हां पहारेकऱ्यानें चौकशी केली; आणि मग हलकल्लोळ उडाला.

संग्रहालय आठवडाभर बंद ठेवून पुन्हां उघडण्यांत आलें, तेव्हां लोकांची रीघ लागली. कशासाठीं? तर चित्र नसलेली भिंत पाहण्यासाठीं! पुढें जगप्रसिद्ध झालेला लेखक फ्रान्झ काफ्का हाहि त्या सप्टेंबरांत आपला मित्र माक्स ब्रोड ह्याच्यासह ती मोकळी जागा पाहून आला. गिओम अपोलिनेर ह्या कवीला संशयावरून अटक झाली, चित्रकार पिकासो ह्याची चौकशी झाली, आणि खरा चोर निराळाच निघाला. व्हिन्चेन्झो पेरुजा हा इटालियन कारागीर. त्यानें लूव्रमध्येंच चित्रांना कांचा बसविण्याचें काम केलें होतें. दोन वर्षांहून अधिक काळ त्यानें तें चित्र पॅरिसमधील आपल्या बिऱ्हाडीं लपवून ठेवलें, आणि १९१३ च्या डिसेंबरांत फ्लॉरेन्स येथें तें देऊं करतांना तो पकडला गेला. १९१४ च्या जानेवारींत चित्र लूव्रला परत आलें. चोरीपूर्वीं त्या चित्राची थोरवी जाणणारे रसिकच असत. चोरीनंतर तें चित्र न पाहिलेल्या माणसालाहि त्याचें नांव पाठ झालें.

येथें मला आमच्या तर्कशास्त्राची आठवण होते. शाळेंतून निवृत्त झालेल्या संस्कृत मास्तराची ही खोड वाचक क्षम्य मानतील. आमच्या वैशेषिकांनीं जगांतील यच्चयावत् पदार्थांची मोजदाद केली, आणि द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय हे सहा पदार्थ सांगून झाल्यावर उत्तरकालीन पंडितांनीं सातवा एक पदार्थ मानला. तो म्हणजे अभाव. ‘नसणें’ हाहि एक पदार्थ! विद्यार्थी असतांना मला ह्याचें हंसूं येई. जमिनीवर घट नाहीं, तर नुसती जमीन आहे म्हणा. घटाचा अभाव म्हणून आणखी वेगळें तेथें काय दिसतें? परंतु शास्त्रकारांनीं त्यास एक मार्मिक अट घातली आहे. ज्या वस्तूचा अभाव, तिला ते त्या अभावाचा प्रतियोगी म्हणतात. आणि प्रतियोगीचें ज्ञान असल्यावांचून अभावाचें ज्ञान होत नाहीं. ज्याला घट म्हणजे काय हें ठाऊक नाहीं, त्याला घट नसलेली जमीन ही नुसती जमीनच दिसणार.

लूव्रच्या सोमवारची गोष्ट ह्या सूत्रानें लख्ख उलगडते. त्या मजुरांनीं आणि पहारेकऱ्यांनीं मोकळी जागा पाहिली, पण अभाव पाहिला नाहीं. तो पहिल्यानें दिसला चित्रकाराला. कारण काय असावयास हवें होतें, हें त्याच्या डोळ्यांत होतें. पुढें जी गर्दी लोटली, तिनेंहि चित्रशून्य भिंत डोळे भरून पाहिली. पण ती गर्दी वृत्तपत्रांनीं जमविली होती. चित्र भिंतीवर असतांना त्यांतील किती जण त्याच्यापुढें पांच मिनिटें उभे राहिले असतील?

अभाव जपून ठेवण्याची एक हकीकत अमेरिकेंतील बोस्टन शहरीं घडली आहे. इझाबेला स्टुअर्ट गार्डनर नांवाच्या एका धनाढ्य बाईंनीं तेथें एक सुंदर संग्रहालय उभारलें. बाई १९२४ सालीं वारल्या. मृत्युपत्रांत त्यांनीं लिहून ठेवलें कीं, मी केलेली मांडणी बदलूं नये. १८ मार्च १९९० च्या रात्रीं पोलिसांचा वेष घेतलेले दोघे चोर आंत शिरले आणि ८१ मिनिटांत १३ वस्तु घेऊन गेले. त्यांत डच चित्रकार व्हर्मेर ह्याचें गायनवादनाचें एक चित्र होतें. रेम्ब्रांट ह्यानें आयुष्यांत काढलेलें एकमेव सागरचित्र होतें. तें तर चोरांनीं चौकटींतून कापून नेलें. एक कोटी डॉलर्सचें बक्षीस जाहीर झालें; परंतु २०२५ सालीं पस्तीस वर्षें पुरीं झालीं तेव्हांहि त्यांतील एकहि वस्तु परत आलेली नव्हती. मग त्या मोकळ्या जागीं दुसरीं चित्रें लावलीं असतील? नाहीं. बाईंची मांडणी बदलावयाची नाहीं. म्हणून रिकाम्या चौकटीच भिंतीवर ठेवल्या, आणि चौकटींतून मागचें भिंतीचें वस्त्र दिसतें. कुंकवाचा करंडा हरवला तरी त्याची देवघरांतील जागा दुसऱ्या वस्तूला न देणाऱ्या बायका आपल्याकडेहि असतात. मला ह्या रिवाजांत वेडेपणा दिसत नाहीं. ती रिकामी चौकट पाहणाऱ्याला ‘येथें काय होतें?’ असा प्रश्न विचारावयास लावते.

आतां ह्याच्या उलट बाजूच्या दोन मौजा. नेदरलँड्समधील लिसे गांवीं खाद्यपेयांशीं संबंध असलेल्या कलाकृतींचें एक संग्रहालय आहे. तेथें अलेक्झांद्र लाव्हे ह्या फ्रेंच कलावंताची एक कृति ठेवली होती. बिअरचे दोन चेपलेले रिकामे डबे. म्हणजे दिसावयास तसे, पण त्यांवरील अक्षरन् अक्षर हातानें रंगविलेलें. तीहि ठेवली कोठें, तर उद्वाहकाच्या, म्हणजे लिफ्टच्या, कांचेच्या जागेंत. जणूं कामगारच विसरून गेले असावेत. २०२४ च्या शरदृतूंत लिफ्ट दुरुस्त करणारा एक कारागीर आला, त्यानें हा केर पाहिला, आणि सज्जनपणें उचलून कचऱ्यांत टाकला! सुदैवानें कचऱ्याच्या पिशवींतून ते डबे धड सांपडले. त्या बिचाऱ्याला मी दोष देणार नाहीं. स्वच्छतेची संवय असलेल्या माणसानें दुसरें काय करावें? प्रतियोगीचें ज्ञान त्याला नव्हतें, इतकेंच.

दुसरी मौज केळ्याची. मॉरिझिओ कातेलान ह्या इटालियन कलावंतानें २०१९ सालीं अमेरिकेंतील मायामी येथें एक केळें चिकटपट्टीनें भिंतीला चिकटविलें आणि त्यास ‘विनोदी नट’ अशा अर्थाचें नांव दिलें. त्याच्या तीन प्रति विकावयास काढल्या, आणि एकीला १ लाख २० हजार डॉलर्स पडले. २० नोव्हेंबर २०२४ रोजीं न्यूयॉर्कच्या लिलावांत त्यांतील एक प्रत ६२ लाख डॉलर्सना गेली. केळें त्याच दिवशीं एका फळवाल्याकडून ३५ सेंटांना आणलेलें. घेणाऱ्यानें नऊ दिवसांनीं हाँगकाँग येथें वार्ताहरांसमोर तें सोलून खाल्लें. परंतु त्याचें कांहींच गेलें नाहीं. कारण त्यानें घेतलें होतें तें एक प्रमाणपत्र, आणि केळें कसें चिकटवावें ह्याच्या सूचना. केळें कुजलें कीं दुसरें लावावयाचें. २०२३ सालीं सेऊलमध्यें एका विद्यार्थ्यानें संग्रहालयांतील तेंच ‘केळें’ खाल्लें, आणि तेथील लोकांनीं दुसरें आणून चिकटविलें. ह्या वस्तूला नाशच नाहीं म्हणा, किंवा तिला असणेंच नाहीं म्हणा. मला ह्यांतील कला कळली नाहीं, हें मोकळेपणानें सांगतों. पण एवढें कळलें कीं, जिचा अभाव होऊं शकत नाहीं, अशा वस्तूवर जीव जडत नाहीं.

आतां आपल्या महाराष्ट्राकडे वळूं. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी भोसले ह्यांची तलवार २९ एप्रिल २०२५ रोजीं लंडन येथें लिलावास निघाली. पातें युरोपीय घडणीचें, ज्यास आपले लोक फिरंग म्हणत. आणि त्यावर ‘सेना साहेब सुभा’ ह्या किताबासह रघूजींचें नांव देवनागरींत सोन्यानें कोरलेलें. महाराष्ट्र सरकारनें मध्यस्थामार्फत ती ४७ लाख १५ हजार रुपयांस घेतली, आणि १८ ऑगस्ट २०२५ रोजीं ती मुंबईस आली. सर्वांना आनंद झाला, मलाहि झाला. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर केव्हां तरी ती बाहेर गेली असावी, असा तर्क आहे. म्हणजे सुमारें दोनशें वर्षें ती येथें नव्हती. पण मी स्वतःस विचारलें, ‘मास्तर, तुम्ही इतिहासाचे तास घेतलेत, बंगालवरील स्वाऱ्या शिकविल्यात, ही तलवार आपल्याकडे नाहीं, ह्याची हळहळ तुम्हांला एक दिवस तरी वाटली होती काय?’ उत्तर प्रामाणिकपणें द्यावयाचें तर, नाहीं. ती आहे हेंच ठाऊक नव्हतें. मग ती नाहीं हें कोठून ठाऊक असणार?

ह्या विचारानें मला एक घरगुती गोष्ट आठवली. ती सांगावी कीं न सांगावी, असें पुष्कळ वाटलें. पण इतरांच्या घरच्या चोऱ्या इतक्या चवीनें सांगितल्यावर आपल्या घरची लपविणें बरें नव्हे.

आमच्या माजघरांत भिंतीवर सरस्वतीची एक तसबीर होती. राजा रविवर्मा ह्यांनीं १८९४ सालीं मुंबईस गिरगांवांत शिळाछापाचा कारखाना काढला. पुढें तो लोणावळ्याजवळ मळवली येथें गेला, आणि तेथून निघालेल्या रंगीत देवदेवता घरोघरीं पोंचल्या. त्यांतलीच ही एक, आजोबांच्या वेळची. सुमारें हातभर रुंद आणि दीड हात उंच, कांचेआड थोडी पिवळसर झालेली. आम्ही सगळे भाऊ तिच्यापुढें शुभंकरोति म्हणत वाढलों. परीक्षेला जातांना मींच काय, माझ्या मुलांनींहि तिला नमस्कार केला.

कांहीं वर्षांपूर्वीं धाकट्या बंधूंनीं पुण्यास स्वतंत्र बिऱ्हाड केलें. जातांना ते म्हणाले, ‘दादा, ती तसबीर मी नेऊं का?’ मी म्हटलें, ‘अवश्य न्या.’ एका शब्दांत दिली. वाड्याच्या वांटणीवरून भाऊबंदकी करणारीं घरें मीं पाहिलीं आहेत. आपण कसे उदार, असा थोडा अभिमानहि त्या वेळीं मनांत आला.

पुढें दिवाळीस माझी नात भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली, ‘आजोबा, भिंतीचा एवढाच चौकोन पांढरा कां?’ भोंवतालची भिंत धुरानें काळवंडली होती, आणि तसबिरीमागची जागा मूळ रंगाची राहिली होती. मीं तिला सांगितलें कीं, तेथें सरस्वती होती. हातांत वीणा, पुस्तक, आणि जवळ तिचें वाहन हंस. तेवढ्यांत स्वयंपाकघराच्या दारांतून वहिनी हळूच म्हणाल्या, ‘भावोजी, हंस नव्हता. मोर होता.’

वहिनी म्हणजे माझ्या कैलासवासी वडील बंधूंच्या पत्नी. मीं हंसून म्हटलें, ‘वहिनी, सरस्वतीचें वाहन हंस.’ त्या म्हणाल्या, ‘असेल शास्त्रांत. तसबिरींत मोर होता. उजाडलें कीं त्याच्या पिसाऱ्यावर पूर्वेच्या खिडकींतून ऊन यायचं.’ एवढें बोलून त्या आंत गेल्या.

पुढच्या महिन्यांत पुण्यास गेलों. बंधूंच्या घरीं बसल्या बसल्या वर पाहिलें. मोर होता. साठ वर्षें ज्या चित्राला हात जोडले, त्यांतला पक्षी मीं पाहिला नव्हता. पुस्तकांतला हंस मीं त्या कागदावर बसविला होता. आणि चाळीस वर्षें रोज सकाळीं ओल्या फडक्यानें ती कांच पुसणाऱ्या, तिला फूल वाहणाऱ्या माउलीला, तसबीर देतांना मीं विचारलें देखील नव्हतें. ज्याला चित्र ठाऊक नव्हतें त्यानें तें उदारपणें दिलें, आणि जिला ठाऊक होतें ती गप्प राहिली. हें औदार्य नव्हे, हें मला त्या दिवशीं कळलें.

बंधूंना सर्व सांगितलें. ते भले गृहस्थ. लगेच तसबीर उतरवूं लागले. मीं तेथूनच वहिनींना फोन केला आणि तसबीर परत आणतों म्हणून सांगितलें. त्या थोडा वेळ कांहींच बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, ‘तिच्यासमोर मुलं अभ्यासाला बसतात ना? मग असूं दे तिथंच. मला ती भिंतीवरहि दिसते.’

तो पांढरा चौकोन आम्ही अजून तसाच ठेवला आहे. गेल्या खेपेस घराला रंग दिला, तेव्हां रंगाऱ्याला सांगून तेवढी जागा सोडविली. त्याला नवल वाटलें; बोस्टनच्या बाईंना वाटलें नसतें.

आणि एक नवा परिपाठ सुरू केला आहे. दर रविवारीं संध्याकाळीं घरांतील एका मुलानें एका वस्तूपुढें पांच मिनिटें बसावयाचें. मग पाठ फिरवून, काय पाहिलें तें सर्वांना सांगावयाचें. पणजीची पितळी समई झाली, बैठकींतील आजोबांचें छायाचित्र झालें, देव्हाऱ्यावरील वेलबुट्टी झाली. समईच्या टोंकावर काय आहे, हें विचारल्यावर पहिल्या रविवारीं घरांतील अकरा माणसांपैकीं तिघांनाच सांगतां आलें. मी त्या तिघांत नव्हतों.

वाचकहो, पॅरिसच्या खिडकीपाशीं जाण्याचा योग आपल्यापैकीं कितीकांना येईल कोण जाणे. पण ज्या भिंतीखालीं बसून आपण हा अंक वाचीत आहां, तिच्यावर कांहींतरी खचित टांगलेलें असेल. अंक मिटून आणि मान वर न करतां, तें काय आहे हें आधीं मनाशीं सांगून पाहा. मग वर पाहा. आणि घरांतील कोणती वस्तु कोणाला देण्यापूर्वीं, ती रोज कोण पुसतें तेवढें विचारून घ्या.